लेपाखालचा पाय

माझा स्वभाव आधीपासूनच तिरसट. त्यात माहेरच्या गोष्टीला कुणी नाव ठेवलं की झालंच. आंबेहळद आणि तुरटी उगाळून केलेला लेप ही माझी माहेरची विद्या. महाल वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणाचा पाय मुरगळला की मी सहाण काढलीच. त्यामुळे दारातला तांबडा कुत्रा पुढचा पाय उचलून लंगडत आला, तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. लेप थापला आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली.

सासूबाईंना कुत्र्याचा विटाळ. तो उंबऱ्याला नाक लावायचा आणि त्या लगेच पाणी शिंपडायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी सोडून पाहायला सांगितलं, तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाळलेल्या लेपावर नवा लेप चढवला. नवऱ्यानं ढोरांच्या दवाखान्याचं नाव काढलं, तर त्यालाही फटकारलं. सूज काय, उतरते दोन दिवसांत, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालून आत आले, तर सासूबाई मोरीजवळ बसलेल्या. तांबड्याचा पाय त्यांच्या मांडीवर, आणि त्या कोमट पाण्यानं माझा लेप धुऊन काढत होत्या. आधी मला रागच आला. मग लेपाखालचा पाय दिसला. पंजा फुगून दुप्पट झालेला. सूज सांध्याच्या वर चढलेली, कातडी चकाकणारी, आणि घाण वास. त्यांनी माझा हात धरून तो उलटा आधी चांगल्या पायाला लावला, मग या पायाला. तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखा तापला होता. मग त्यांनी पोळीचा तुकडा त्याच्यासमोर धरला. पोळीसाठी अंगावर उड्या मारणारं ते जनावर, त्यानं तोंड फिरवलं.

"अन्न सोडलं वं त्यानं," त्या म्हणाल्या. "आता लेपाचं काम नाही. रिक्शा बोलाव."

रिक्शावाला कुत्र्याला घ्यायला कुरकुरला. सासूबाईंनी तांबड्याला सरळ पदरात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, आत बाभळीचा काटा निघाला. आणखी दोन दिवस लेप लावत बसला असतात तर पाय कापावा लागला असता, असं त्यांनी सांगितलं. मी तिथेच रडले. घरी आल्यावर मात्र सासूबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, सुनेनं वेळेवर नेलं. त्या एका वाक्याचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

तांबडा पुढे कितीतरी वर्षं चार पायांवर धावला. सासूबाईंचा विटाळ तसाच राहिला, पाणी शिंपडणंही.

मग एका उन्हाळ्यात सासूबाईंचीच पोटरी सुजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः मला हाक मारली.

"तुझा तो लेप लाव वं मले."

मी उलटा हात आधी एका पायाला लावला, मग दुसऱ्याला. सकाळचा चहा त्यांच्या उशाशी तसाच गार झाला होता. सहाण मी काढली नाही. रिक्शात बसलो, आणि दवाखाना येईपर्यंत त्यांचा तो पाय मी मांडीवर घेऊन बसले.