किरायदाराच्या घरचं पाणी

सेलूत आमच्या शेजारी एक घरमालक राहत. जिनिंगच्या वाटेवर त्यांच्या चार-पाच खोल्या किरायानं दिलेल्या होत्या. बोलता बोलता ते मध्येच "ऐकायलाव ना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुढं जात.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास मी परसात किरायानं द्यायला दोन खोल्या बांधल्या, तेव्हा न बोलावताच सल्ला द्यायला आले.

"आपल्या दारात येऊन माणूस लय गोड बोलतंय. त्याच्यावर जाऊ नका. तो सध्या राहतो तिथं भर दुपारी जा आन् प्यायला पाणी मागा. पाणी झाकलेलं हाय का, तांब्या घासलेला हाय का, बगा. तशीच तो तुमची खोली ठेवल. ऐकायलाव ना?"

पहिल्यांदा खोली विचारायला आले ते एक तरुण मास्तर. आडनाव सांगताना अडखळले. मी आणि शेजारी त्यांच्या घरी गेलो. शेजाऱ्यांनी पाणी मागितलं, तशी मास्तरांची बायको दारातच थबकली.

"आमी बौद्ध हाव," मास्तर हळूच म्हणाले.

"असू द्या की. तहान लागलीय, पाणी आणा."

तांब्या आला. त्यांनी तो वर धरून बूड पाहिलं, घटाघटा प्यायले आणि माझ्यापुढं केला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

"मालक तर तुमी. तुमी प्या. ऐकायलाव ना?"

या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले.

मी प्यायलो. खिशातली किल्ली तिथंच मास्तरांच्या हातात दिली.

त्या पाण्याला वाळ्याचा वास होता. अजूनही उन्हाळ्यात कुठं तो आला की मला तांब्या पुढं करणारा तो हात दिसतो.