माझा बाप दारू पीत नव्हता

मॅडमनी माझ्या हातातला माईक घेऊन स्वतःच्या तोंडाशी धरला. मी मराठीत एक वाक्य बोलायचं, त्यांनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं होतं. समोर शंभरएक माणसं. वेगवेगळ्या देशांतली. थायलंडमधलं डोंगराजवळचं प्रशिक्षण केंद्र. प्रभूचं काम गावोगाव कसं करायचं, हे शिकायचा आठवडा. त्यातला दुसरा दिवस.

मी म्हणाले, "माझे बाबा कंपनीत टाकी साफ करायला उतरले आणि आत गुदमरून गेले."

मॅडम बराच वेळ बोलल्या. माझं वाक्य एवढंसं, त्यांचं एवढं लांब. त्यातला एक शब्द मला कळला. अल्कोहोल. तो शब्द मला पक्का माहीत आहे. मी बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, सिरपच्या लेबलवर तो रोज वाचते. मग 'रॅट' कळलं. मग 'नेकेड'. पुढच्या रांगेतली एक गोरी बाई डोळे पुसायला लागली. मग टाळ्या.

मी लुगडं नेसून उभी होते. गुडघ्यापर्यंतचं. माझी आजी नेसायची तसं. मी कधीच नेसत नाही. मॅडमनी ते मुंबईहून विकत आणलं होतं. "तुझी ओळख दिसायला हवी," म्हणाल्या होत्या.

मला काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. जेवणाच्या रांगेत ती गोरी बाई आली. माझा हात धरून, एकेक शब्द सुटा करून बोलली. तुझ्या वडिलांनी दारूपायी जीव घालवला, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. मी म्हणाले, "थँक यू." तेवढंच मला पटकन येत होतं.

माझा बाप दारू पीत नव्हता.

आमचा पाडा मनोरच्या आत. आम्ही वारली. पाड्यावर पिणारे आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण बाबा ताडीलाही तोंड लावत नसत. त्यांच्या पोटात दुखायचं. ते रोज टेम्पोत उभे राहून तारापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे जायचे. मी चौथीत होते. एका दुपारी त्यांना झाकून आणलं. तेराव्याच्या आत ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. आईचा अंगठा घेतला. कागदावर लिहिलं होतं, कामगार दारूच्या नशेत होता, सांगूनही ऐकलं नाही, आपणहून टाकीत उतरला. हे मला खूप नंतर कळलं, मोठी झाल्यावर तो कागद वाचला तेव्हा. तोवर सगळीकडे तेच झालं होतं. पियून मेला.

तेव्हा आमच्या दारात दुसरं कोणी आलं नाही. प्रार्थनेची माणसं आली. आईजवळ जमिनीवर बसली. तिला ताप भरला तेव्हा पालघरच्या दवाखान्यात घेऊन गेली. मला बारावीपर्यंत शिकवायला तीच माणसं पाठीशी उभी राहिली. हे खरं आहे. ते मी कधी खोटं म्हणणार नाही. माझा विश्वासही खरा आहे.

मॅडम नंतर आल्या. मुंबईच्या. घरात तीन पिढ्यांचं इंग्रजी. बोईसरच्या आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्यांनी मला गाताना ऐकलं. पास्टरना म्हणाल्या, "आमच्या टीमला एक आदिवासी सिस्टर हवीच होती." पासपोर्ट निघाला. आईने पाडाभर सांगितलं, "माजी पोर इमानात बसनार हाय."

टीममध्ये आम्ही पाच जण. बाकीचे चौघे मुंबईचे. सकाळी ते गटात बसून प्रवचनाचा सराव करायचे. मला पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "तू किचनमध्ये मदत कर. तुला सवय आहे ना." मला सवय आहे. मी दोन दिवस ताटं धुतली. वहीत धड्यांची नावं तेवढी उतरवून घेतली.

टाळ्या झाल्या त्या दुपारी मी मॅडमच्या खोलीवर गेले. "मॅडम, बाबा पीत नव्हते."

त्या केस विंचरत होत्या. "अगं, लोकांना भिडेल असं सांगावं लागतं. टाकी म्हटलं तर त्यांना काय कळणार? देवाच्या कामासाठीच आहे ना हे? मनाला लावून घेऊ नकोस."

मी "हो" म्हणाले. हेही सांगितलं पाहिजे. मी हो म्हणाले.

चौथ्या दिवशी आम्हाला डोंगरातल्या गावात नेलं. उतरती छपरं, बांबूच्या भिंती, अंगणात कोंबड्या. मला आमच्याच पाड्यावर आल्यासारखं वाटलं. एका म्हातारीच्या घरात सगळे शिरले. ती हातमागावर विणत होती. खाली तिने स्वच्छ चटई अंथरलेली. म्हातारी आमच्याकडे बघून तीन-चार शब्द बोलली आणि खाली बोट केलं. दुभाष्या हसून सोप्या इंग्रजीत म्हणाला, तुम्ही आलात म्हणून ती देवाचे आभार मानते आहे.

मॅडमनी फोन काढला. म्हातारीच्या खांद्यावर हात टाकला.

मी खाली बघितलं. आमच्या सगळ्यांच्या पायांत बूट होते. चटईवर चिखल. म्हातारी बूट काढा म्हणत होती. तेवढंच म्हणत होती.

मी बूट काढले आणि दाराबाहेर ठेवले. म्हातारीने मान हलवली. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अनवाणी. तिचं बोलणं दुसराच कोणीतरी सांगत होता. ती विणत राहिली.

परत येताना गाडीत मी वहीच्या मागच्या पानावर इंग्रजी वाक्यं लिहिली. तीनच. खोडली, पुन्हा लिहिली.

शेवटच्या सकाळी सर्टिफिकेट द्यायचा कार्यक्रम होता. परदेशातल्या चर्चच्या मंडळींना दाखवायला माझी साक्ष व्हिडिओत घ्यायची होती. मॅडमनी लुगडं इस्त्री करून आणलं. मी ते बिछान्यावर ठेवलं आणि माझा रोजचा ड्रेस घालून गेले. मॅडमचा चेहरा बदलला, पण कॅमेरा सुरू झाला होता.

मी मराठीत बोलले नाही. पाठ केलेलं म्हटलं. "माय फादर डिड नॉट ड्रिंक. ही डाइड इन फॅक्टरी टँक. व्हॉट शी टोल्ड यू इज नॉट ट्रू."

मॅडमनी माझ्या हातातून माईक ओढला. हसत काहीतरी बोलल्या. कानाशी वाकून मराठीत म्हणाल्या, "खाली जा. तमाशा नको."

मी माईकशिवाय पुन्हा म्हटलं. तीनही वाक्यं. आवाज फाटला. टाळ्या वाजल्या नाहीत. ती गोरी बाई मान खाली घालून बसली होती. मी सर्टिफिकेट न घेता खाली उतरले.

विमानात माझ्याशी कोणी बोललं नाही. रविवारी बोईसरच्या हॉलमध्ये पास्टरनी मला बाजूला घेतलं. "तुझ्यात बंडाचा आत्मा शिरलाय. थोडे दिवस गाणं म्हणू नकोस." मी विचारलं, "मी खोटं बोलले का, पास्टर?" ते म्हणाले, "प्रश्न तो नाहीये." मी मागच्या रांगेत जाऊन बसले. उठून गेले नाही. तो हॉल मॅडमचा नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून म्हणाली, "तवा ठेकेदाराच्या माणसानं मला कागद वाचून दाखवला व्हता."

"काय?"

"दारू प्याला व्हता असं लिवलंय, बोलला. मी बोलले, नाय प्याला. तो बोलला, अंगठा नाय दिला तर पोलीस तुलाच नेतील. तू ल्हान व्हती. मी दिला अंगठा."

इतकी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. मी तिला जवळ घेतलं नाही. मला जमलं नाही. मी तिच्यासमोर बसून तांदळातले खडे काढत राहिले. मग म्हणाले, "आता हे सायबासमोर बोलशील?"

ती म्हणाली, "तू संगती हायेस तर बोलन."

सोमवारी मी सुट्टी टाकली. आम्ही दोघी पालघरला सरकारी कामगार ऑफिसात गेलो. अर्ज मीच लिहिला होता. कारकुनाने तो उभ्याउभ्या वाचला.

"मावशी, इतक्या वर्षांनी तुम्हाला काय मिळणार?"

आई म्हणाली, "मिलायचं काय नाय. तो प्याला नव्हता. तेवढं लिवा."

त्याने अर्ज परत पुढे सरकवला. जुनी फाइल सापडणार नाही म्हणाला. साहेब रजेवर आहेत म्हणाला. पुढच्या महिन्यात या म्हणाला.

मी अर्ज परत त्याच्याकडे सरकवला. "पोचल्याचा शिक्का मारून द्या. पुढच्या महिन्यात येऊच. त्याच्या पुढच्याही येऊ. पण शिक्का आजच."

मागे रांग वाढत होती. कोणीतरी "ओ ताई, सरका" म्हणालं. मी आईला खुर्ची ओढून दिली आणि खिडकीसमोरून हलले नाही.