छाट काढणारा

देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. तिरोड्यात आम्ही पाच-सहा मास्तर रविवारी शाळेत जमून आपापलं लिखाण वाचायचो आणि एकमेकांना लेखक म्हणायचो. दाराशी बिडी कारखान्यातला एक माणूस येऊन बसायचा. मजुरांनी वळून आणलेल्या बिड्या चाचपून वाईट निघतील त्या बाजूला टाकणं, म्हणजे छाट काढणं, हे त्याचं काम. नाव आम्ही कधी विचारलं नाही. ऐकताना बिडी चाचपावी तसा त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत असायचा. मधेच एखाद्या वाक्यापाशी तो थांबायचा.

एकदा माझी कथा संपली. सगळे सवयीनं 'वा' म्हणाले. तो उठत म्हणाला, "गुरुजी, इथं छाट काऊन निघत नाही?"

सगळे हसले. मला मात्र राग आला. त्याला बाहेर गाठून मी विचारलं, "माझ्या कथेत कुठं आहे छाट?"

"शेवटची दोन पानं. माय मेल्यावर तुमीच रडून रायले. पोराले रडूच देलं नाही."

घरी जाऊन मी ती पानं फाडली. पुढल्या रविवारी कथा पुन्हा वाचली. कोण काय म्हणालं ते मला आठवत नाही. मी दाराकडे बघत होतो. त्याचा अंगठा शेवटपर्यंत फिरत होता, कुठंच थांबला नाही.