दाराबाहेरची बादली

“तुझ्या अक्काचा खोकला थांबला गं,” दाजी फोनवर म्हणाले, आणि मी वेडी इकडे नांदेडात विचारते कशी, “कोणत्या औषधानं?” पलीकडून दाजींचा हुंदका ऐकू आला... मग कळलं. महिना होत आला, पण तो प्रश्न अजून मला छळतो.

अक्का माझी थोरली बहीण. माहेर बिलोलीकडचं, दिली लातूरला. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, कारखाने येत होते आणि पाऊस काही केल्या येत नव्हता. “जिल्हा झाला म्हणं. नळाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं,” टँकरसाठी घागरी लावताना ती म्हणायची. दाजी एका लहान कारखान्यात ठिणगी न उडणारे हातोडे आणि नट पिळायचे पाने घासून गुळगुळीत करायचे. तांब्यात बेरिलियम नावाचा धातू मिसळून केलेली ती हत्यारं गॅसच्या गोदामात लागतात. स्फोट होऊन कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. अक्काला स्वच्छतेचं भारी वेड, पण रोज कपडे धुवायला पाणी कुठलं? मग दाजी आले की ती त्यांचा सदरा अंगणात फटाफट झटकायची. उतरत्या उन्हात पिवळी धूळ चमकायची. “बघ, माझा नवरा रोज सोनं आणतो,” ती मला चिडवायची. माझा नवरा मास्तर. तो घरी खडूच आणायचा.

खोकला बऱ्याच वर्षांनी आला. क्षयाची औषधं झाली, गुण येईना. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, “घरी धातूचं काम कोण करतं?” दाजी औषधं आणायला खाली गेले होते, आत अक्का आणि मी. डॉक्टरांनी समजावलं, हा धातू नुसता हातात धरला तर काही करत नाही. पण घासताना उडालेली बारीक धूळ श्वासात गेली की एखाद्याची फुप्फुसं हळूहळू निबर होतात. एकाला बाधते, शेजारच्याला नाही. कपड्यांवरून ती घरीही येते... मला तो सदरा आठवला. अक्कानं माझा हात घट्ट धरला. “ह्यांना बोलायचं न्हाई. जन्मभर स्वतःला खात बसतील.” मी शब्द दिला.

घरी येऊन मात्र तिनं दाजींच्या मागं लकडाच लावला. “तुमच्या छातीला जपा. हत्यारावर पाणी सोडत घासा, धूळ ओढायचं यंत्र मागा. झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आंघोळ करून, कपडे तिथंच बदलून या.” दाजी मालकाशी भांडले, आणि हळूहळू ते सगळं झालं. तिथल्या इतरांची फुप्फुसं वाचली असतील. माझी अक्का मात्र वाचली नाही.

अक्कासाठी केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी लातूरलाच राहिले होते; दुसऱ्या दिवशी दाजी भाजी घेऊन आले. कारखाना सुटून त्यांना कितीतरी वर्षं झाली. तरी ते दाराबाहेर थांबले, पांढरा सदरा काढून तिथल्या बादलीत बुडवला आणि उघड्या अंगानं आत आले.

“दाजी, आता कशाला?”

“तिला धूळ चालत न्हाई गं.” मग त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. “मला म्हाईत होतं. त्या दिशी हैदराबादला औषधं घेऊन मी डॉक्टरांच्या दाराशीच हुबा होतो. ती बोलली न्हाई, म्हणून मीबी बोललो न्हाई...”

मला रडू आवरेना. बाहेर येऊन मी सदरा पिळला. दोरीवर टाकण्याआधी झटकायला हात सवयीनं वर गेला, आणि तसाच थांबला. मी तो न झटकताच वाळत घातला.