श्वास कुणी सुरू करायचा

हळदीच्या रानात साप चावला आणि आई हिंगोलीच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर गेली. पापणीसुद्धा हलत नव्हती. तिथले डॉक्टर मात्र मशीनला हात लावण्याआधी तिला सगळं सांगायचे. "मावशी, ठरल्या दाबानं मशीनच श्वास देऊन राहिली. तुमी निवांत पडा."

नर्स हसायच्या. मलाही ते बडबडे वाटायचे.

मग आईची छाती आपणहून जराशी हलू लागली. "आता मोड बदलतो, मावशी. श्वास तुमी सुरू करायचा, मशीन मागून नुसता दाबाचा टेकू देईल." तो टेकू कमी करताना दरवेळी विचारायचे, "तकलीफ न्हाई ना?" आणि उत्तरासाठी थांबायचेही.

घशातली नळी निघाली. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तकलीफ न्हाई. पण लई बोलता, डॉक्टर."