बारावी सोडलेल्या मुलीसाठी जपमाळ

माझ्या मुलीने बारावी अर्ध्यात सोडली हे आधी तिच्या बॉसला कळलं, मग मला. सरकारला आणि देवाला कळायला आणखी दोन आठवडे लागले, आणि तो उशीर सर्वस्वी माझा.

सिडनीत दुसरा लॉकडाऊन चालू होता. शाळा लॅपटॉपवर भरायची आणि माझी लेक कॅमेरा बंद करून पांघरुणात शिकायची. एक दिवस जेवताना म्हणाली, "मम्मी, आय गॉट द जॉब."

मला वाटलं, सुपरमार्केटमधलं शनिवारचं काम असेल. तर नाही. फ्रिज आणि कोल्ड रूम दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत चार वर्षांची अ‍ॅप्रेंटिसशिप. फुल टाइम. शाळेला ईमेलही करून झाला होता. तिला अठरा वर्षं पूर्ण झालेली, त्यामुळे माझी सही कोणालाच नको होती.

"आणि परीक्षा?"

"कुठली परीक्षा? डेट तरी आहे का तिला?"

परीक्षेची तारीख तेव्हा खरंच सारखी हलत होती. मी आमटी वाढत राहिले.

आता इथली पद्धत अशी, की मूल अठराचं झालं तरी बारावी संपेपर्यंत आईला सरकारी भत्ता मिळू शकतो, आणि आमच्यासारख्या वेगळ्या झालेल्या घरात दुसऱ्या पालकाची पोटगीही तोवर चालू ठेवता येते. तिचे पपा ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतात. बॉर्डर बंद होती, पण पोटगी वेळेवर यायची. अट एकच, मूल शाळेत हवं. शाळा सोडली की दोन आठवड्यांत कळवायचं.

मी कळवलं नाही. पैशांचा मोह होता, खोटं कशाला बोलू. पण खरी गोची वेगळीच होती. कळवायचं म्हणजे 'माझ्या मुलीने शिक्षण सोडलं' हे वाक्य तोंडाने उच्चारायचं. आमच्या घराण्यात ते आजवर कोणी उच्चारलेलं नाही. आमच्याकडे माणूस एक तर शिकत असतो, नाहीतर पुढे काय शिकावं याचा विचार करत असतो. मी वेस्टमीडजवळ एका लॅबमध्ये काम करते. टेस्ट ट्यूब कलंडली तरी ताबडतोब रिपोर्ट लिहायचा, असं नव्या मुलींना मीच बजावते. इथे अख्खी मुलगी कलंडली होती, आणि मी रोज फॉर्म उघडून चहा टाकायला उठत होते. ती सकाळी केशरी शर्ट आणि लोखंडी टोकाचे बूट घालून निघायची, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पुणेकर बाईंना मी सांगितलं, "शाळेचा प्रोजेक्ट आहे."

त्यात रविवारची जपमाळ. आम्ही मूळचे वसईचे. कोविड आल्यापासून सगळं कुटुंब रविवारी दुपारी झूमवर एकत्र रोझरी म्हणायचं. सुरुवातीला हेतू सांगायचे: कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा. पहिला हेतू माझ्या आईचा, आणि तो कित्येक महिने ठरलेला, "सिडनीच्या नातीच्या बारावीसाठी." मग तीन देशांतले अठरा चौकोन मनापासून प्रार्थनेला लागायचे. शाळा सोडल्यावरचे दोन रविवार तेच झालं, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा.

दुसऱ्या रविवारी ती माझ्यामागे उभी होती, हे मला शेवटच्या आमेननंतर कळलं.

"मम्मी! तू देवालासुद्धा अपडेट नाही केलंस?"

"हळू बोल, म्यूट नाहीये."

"म्यूट आहे." मग ती हसायची थांबली. "तुला माझी लाज वाटते का?"

एरवी भांडणं इंग्रजीत करणारी मुलगी हे मराठीत विचारत होती. इंग्रजीत विचारलं असतं तर मी 'डोन्ट बी सिली' म्हणून सटकले असते. मराठीत मला सुचलं ते एवढंच, "नाही गं, कळवायला वेळच कुठे मिळतो."

सोमवारी तिने डबा नेला नाही. मंगळवारीही नाही. दोन दिवस मी दोघींची भाजी एकटीने खाल्ली.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या पपाला फोन लावला. लांबलचक प्रस्तावना केली, काळ किती कठीण आहे वगैरे.

"शाळा सोडली ना? माहितीये," तो म्हणाला. "ते बूट कोणी घेऊन दिले असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीस?"

"ती म्हणाली, मम्मीलाच स्वतःहून सांगू दे. तू कधी सांगतेस, याची ती वाट बघतेय."

बुधवारी ती कामावरून आली तेव्हा मी फोन स्पीकरवर ठेवून सरकारी ऑफिसचं संगीत ऐकत बसले होते. ती समोर बसली. पाऊण तासाने एक बाई लाइनवर आल्या. मुलगी अजून शिकतेय का?

"वेल, टेक्निकली..." मी म्हटलं. समोर भुवया वर गेल्या. "नो. शी हॅज लेफ्ट स्कूल."

"नो वरीज," बाई म्हणाल्या, आणि टाइप करू लागल्या. भत्ता बंद. पोटगीच्या विभागालाही कळवा, म्हणाल्या, तीही थांबेल. एवढंच होतं. मला मात्र थांबवेना. ती कंपनीतली एकटीच मुलगी आहे, तिचा बॉस तिला हुशार म्हणतो, परवा एका खाटकाची कोल्ड रूम तिने चालू केली, सगळं सांगितलं.

"मम्मी, शी डिडन्ट आस्क," लेक कुजबुजली. गुरुवारी डबा नेला.

रविवारी आईने तोंड उघडायच्या आत मी हेतू सांगितला. "बारावीचा काढा. तिने शाळा सोडली. फ्रिज दुरुस्त करायला शिकतेय. तिचे हात सुखरूप राहोत."

अठरा चौकोन थिजले. नेट गेलं असेल, अशी मला आशा वाटली.

"मग एवढी जपमाळ आम्ही कोणासाठी केली?" आईने विचारलं.

"जमा राहील गं आई."

"ती आहे का तिथे? तिला विचार, आमच्या फ्रिजखाली पाणी का साचतं. गेल्या ईस्टरपासून पुसतेय मी."

लेक माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. "आजी, मागची साइड दाखव. नो, नॉट युअर फेस. फ्रिजची."

आई फोन घेऊन फ्रिजमागे शिरली. बाकीचे सगळे जपमाळा हातात धरून, निकालाची वाट बघत बसले.