आई वाचेपर्यंत लग्न नाही

माझं लग्न सात महिने अडकलं ते आईमुळे. देण्याघेण्यावरून नाही, मानपानावरून तर मुळीच नाही. आईला वाचता येत नव्हतं म्हणून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग हसतो आणि विचारतो, "म्हणजे तुम्हाला वाचता येत नव्हतं?" नाही हो बाप्पा! मी अंगणवाडीत शिकवते. आईला येत नव्हतं. आमच्या वस्तीत नुसतं नवरीला येऊन भागत नाही.

ही रीत गुरुजींची. राज्याच्या हद्दीपलीकडे, तेलुगू मुलखात, तामसीच्या पुढे आमचं गाव आणि गावाच्या पूर्वेला आमची वस्ती. गुरुजी ह्याच वस्तीतले, आमच्या लोकांतले पहिले मास्तर. नोकरीत असताना आणि त्यानंतरही ते सायकलवर तामसीपासून गुडीहत्नूरपर्यंत आणि तिकडे पार उटनूरच्या जंगलापर्यंत वस्त्या फिरले. दारू सोडा, पोरींना शाळेत घाला, गावातलं मेलेलं ढोर ओढायला जाऊ नका, हे त्यांनी सांगितलंच. ते आणखीही काहीजण सांगत होते. पण लग्नाची रीत त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली आहे, आणि ती आमच्याकडच्या कितीतरी वस्त्यांत आता पक्की झाली आहे.

रीत अशी. विहारात वंदना झाली की दोन्हीकडच्या आयांनी उभं राहून एक पान वाचायचं. पान गुरुजींनीच लिहिलेलं, आठ ओळींचं. चार ओळी नवऱ्याची आई सुनेला वाचून दाखवते, चार ओळी नवरीची आई जावयाला. मग दोघींनी वहीत दस्तखत करायचं. अंगठा चालत नाही. पूर्वी सरकारी कागद पुढे आला की आमच्या लोकांचा अंगठा आपोआप पुढे यायचा, तो गुरुजींच्या डोळ्यांत सलत होता. आई नसेल तर आत्या, आत्या नसेल तर मोठी बहीण, पण बाईनंच वाचलं पाहिजे. येत नसेल तर लग्नाची तारीख पुढे.

पाठ करून म्हणून टाकीन, असं कोणाच्या मनात असेल तर तेही जमत नाही. तारीख ठरवण्याआधी गुरुजी घरी येतात. सोबत नांदेडहून येणारा त्या दिवशीचा पेपर असतो. पेपर पसरतात, कुठंतरी बोट ठेवतात आणि म्हणतात, "हं, वाच माय." ह्याला आम्ही 'ऐकणं' म्हणतो. भल्या भल्या बायांना त्या बोटापुढे घाम फुटलेला मी पाहिला आहे.

वाचायचं ते मराठीतच. आमच्याकडे शाळा तेलुगू, ऑफिस तेलुगू, बाजारात हिंदी. मी स्वतः तेलुगूत शिकले, मराठी अक्षरं गुरुजींच्या रविवारच्या वर्गात गिरवली. कुणीतरी एकदा गुरुजींना म्हटलं, तेलुगू शिकवा न, कामाला येईल. तर म्हणाले, "माय ज्या भाषेत शिव्या देते त्या भाषेत पहिले वाचन." वर्गातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट आल्या.

ह्या रीतीमुळे आमच्या वस्त्यांत सोयरीक जमली की फार मजा येते. ज्या पोट्ट्यानं आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही तो आईजवळ पाटी घेऊन बसतो. "माय, हा म. म मायचा. आता तरी ध्यानात ठेव न व!" त्याला शिक्षणाचा पुळका आलेला नसतो, लग्नाची घाई असते. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं. माझ्या होणाऱ्या नवऱ्यानंही तेच केलं. त्याचं गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला पंपाच्या मोटारी वाइंडिंगचं दुकान आहे. त्यानं खडूनं घरभर अक्षरं लिहिली, ज्वारीच्या कोठीवर, पाण्याच्या टाकीवर, कोंबड्यांच्या डालग्यावरसुद्धा. त्याची आई दोन महिन्यांत ऐकण्यात पास झाली आणि तिनं माझ्या आईला फोन लावला. "इहीनबाई, माह्यं तं झालं. तुमचं कुठवर आलं?"

आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "काय मिजास दाखवून राह्यली व ही बाई!"

मला वाटलं, चला, ईर्ष्या लागली, आता शिकेल. कुठलं काय! रोज सकाळी मी आईजवळ ओसरीवर बसायची, अर्धा तास. ती कापूस वेचायला जायच्या आधी, मी अंगणवाडीला निघायच्या आधी. थंडी पडली तसं कोवळं ऊन ओसरीवर यायचं, आई चहाची कपबशी बाजूला ठेवायची आणि पाटीकडे अशी बघायची की जणू पहिल्यांदाच बघते आहे. काल आलेला 'ग' आज गेलेला. 'भ' आणि 'म' तर शेवटपर्यंत एकमेकांच्या घरात राहत होते. "हा काऊन असा वाकडा व?" "ह्याच्या डोक्यावर काय ठेवलं हे?" मला राग पटकन येतो, सगळ्या वस्तीला माहीत आहे. दोनदा मी खडू फेकला. एकदा म्हटलं, "आई, माह्ये तीन वर्साचे लेकरं तुह्यापेक्षा हुशार आहेत!" आईनं शांतपणे खडू उचलून आणला, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. "असूदे. पुन्हा सांग."

गुरुजी पहिल्यांदा ऐकायला आले तेव्हा आई दुसऱ्याच शब्दावर अडकली. महिनाभरानं पुन्हा आले. ह्या खेपेला पहिल्याच शब्दावर. मी दाराआड उभी राहून दात-ओठ खात होते. गुरुजींनी पेपरची घडी केली, चष्मा काढला, आईकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "होईल माय. घाई नाई." घाई नाई! घाई तुम्हाला नसेल, मी मनात म्हटलं. तिकडे त्याचा रोज मराठीत मेसेज, कवा होते, कवा होते. इकडे शेजारणी विचारायच्या, काय व, तू सगळ्या गावाच्या लेकरायले शिकवते अन् माय तेवढी सुटली का? मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. आईला येत नसेल, म्हातारपणी डोकं चालत नसेल, तर माझं लग्न होणारच नाही की काय, अशी खरोखरच धास्ती मला बसली होती.

मग एका संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी परातीत भाजी निवडत होते. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. आई भाकरी तव्यावर टाकता टाकता सहज म्हणाली, "त्याले म्हन, दोन दिस ताक-भाकरच खाय. ढाब्यावरचं तिखट कायले खाते तो? पोटात आग होईन नाई तं काय होईन!"

"हाव, सांगते," मी म्हटलं. उठले, फोन घेतला, तसं लिहूनही टाकलं. ताक-भाकर खा, आई म्हणते. पाठवला आणि मग हात थांबला. त्याचं पोट बिघडल्याचा मेसेज दुपारचा होता. मी ते कोणाला बोलले नव्हते.

"आई, तुले कोनं सांगतलं त्याच्या पोटाचं?"

आईचे हात पिठात थबकले. "कोनं म्हनजे? तूच सांगतलं असशीन."

"मी नाई सांगतलं."

"मंग... फोन तिथं पडला होता. नजर गेली."

"नजर गेली म्हनजे?"

"म्हनजे वाचलं न व! किती खोदखोदून इचारते!"

तव्यावरची भाकरी जळून काळी झाली, कोणीच उलटली नाही. मी विचारलं, कवापासून येते? आई म्हणाली, वेचनी सुरू झाली तवापासून. मी बोटांवर मोजलं. म्हणजे दोन्ही ऐकणी झाली तेव्हा तिला येत होतं. 'भ' आणि 'म' येत होते. कोंबड्यांसारखी ती अक्षरं मी रोज सकाळी आपापल्या घरात हाकलत होते आणि ही बाई सगळं जाणून गंमत बघत होती! मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. घर डोक्यावर घेतलं. शेजारची बाई भिंतीवरून डोकावून गेली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हाताचं पीठ झाडत म्हणाली, "लहानपनी तू शाळेत, मी वावरात. मोठी झाली तं तू अंगनवाडीत, मी वावरातच. घरी आली की फोनात तोंड. हा सकाळचा अर्धा घंटा तू माह्याजवळ बसत होती. मले येते म्हनलं असतं, तं दुसऱ्या दिवशी बसली असती काय?"

बसले नसते. तारीख काढायला धावले असते.

"मले दोन वर्सं पायजे होते," आई म्हणाली. "सात मयने भेटले." आणि जळकी भाकरी कुत्र्याला टाकायला ती बाहेर गेली. मी रडले. मग भाकरीचा वास नाकात गेला आणि मला हसू आलं, आणि आई आत येऊन बघते तर मी एकाच वेळी दोन्ही करत होते. "येडी झाली काय व?" म्हणून तीही हसायला लागली.

पण राग तो रागच. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे तक्रार घेऊन गेले. गुरुजी आता थकले आहेत, सायकल मुलानं काढून घेतली आहे, लांबच्या वस्तीवर ऐकायला मुलगाच गाडीवर नेतो, एरवी बाजेवर बसून असतात. मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला, सुनेनं पाणी आणलं.

"मले मालूम होतं," पाणी पिऊन म्हणाले. "जिले येत नाई तिचे डोये अक्षरावर अडकते. तुह्या मायचे डोये ओळीच्या टोकावर जाऊन वापस येत होते."

"मंग बोलले काऊन नाई तुमी?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते, 'वाचायचं आईनंच का, बापानं का नाही' असं विचारणाऱ्या कोणालाच त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. त्यांच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा त्यांच्या आईनं ती आनंदानं हातात घेतली आणि वाचल्यासारखी पाहिली. पत्रिका उलटी होती. अंगणातले लोक हसले. "अन् मी बी हासलो," गुरुजी म्हणाले. "मास्तर झालो होतो न! मंग म्हनत राह्यलो, मायले शिकवू, मायले शिकवू. दुसऱ्यायच्या माया शिकवत फिरलो अन् मायजवळ बसाचं राहूनच गेलं. ती गेली. तुह्या मायनं लेकरू जवळ बसवून घेतलं, मी काऊन मधात बोलू?"

मी उठून त्यांच्या पाया पडले. माझा राग उतरला होता, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या ऐकण्याला आईनं कहर केला. गुरुजींनी बोट ठेवलं तिथून सुरू झाली ती थांबेचना. बाजारभाव वाचला, हवामान वाचलं, ट्रॅक्टरची जाहिरात वाचली. गुरुजी म्हणाले, "पुरे माय," तरी पान उलटून पुढे! लग्न फाल्गुनात ठरलं. तोवर सकाळची बैठक आम्ही मोडली नाही. फक्त आता ती पेपर वाचायची, मी ऐकायची, आणि तिला पटलं नाही तर बातमीतल्या पुढाऱ्याला दोन शब्द सुनावायची. इतक्या छान सकाळी माझ्या आयुष्यात दुसऱ्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी सासूबाईंनी वाचलं. हात हलवत, आवाज चढवत, सभेत भाषण करावं तसं. टाळ्या पडल्या. मग आई उभी राहिली. नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि जावयाकडे बघून खणखणीत आवाजात सुरू केलं. "ही माझी लेक. हिला मी वाढवली, तू हिला अडवू नको. घरचं काम दोघांचं, घरचा निर्णय दोघांचा. हिचं वाचणं, हिचं कमावणं, हिचं माहेरी येणं कोणी बंद करायचं नाही." तीन ओळी झाल्या. आणि चौथीवर ती थांबली.

सगळ्या वस्तीतल्या बायांना ते पान पाठ आहे. चारी बाजूंनी मदत सुरू झाली. "आजपासून... आजपासून ही..." मागून एक म्हातारी तर ओरडलीच, "माय, पहिला आ हाय, आ!" सासूबाईही पुढे सरकल्या. गुरुजींनी खुर्चीवरून हात वर केला. "थांबा सगळे," म्हणाले, "तिले येते."

आईनं कागदावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "वाच न व आई. सावकाश वाच."

आईनं डोळे पुसले, ओळीवर बोट ठेवलं आणि पाटीवरच्या पहिल्या दिवशी वाचत होती तसं एकेक अक्षर सुटं करून वाचायला लागली. आ... ज... पा... सू... न... ही... ति... च्या... म... र्जी... नं... तु... झ्या... घ... री... ये... ते. उन्हं चढली, स्वयंपाकाचे लोक दाराशी येऊन उभे राहिले, नवरदेव ह्या पायावरून त्या पायावर झाला. मी तिला एकदाही लवकर वाच म्हटलं नाही.